मटण तपासणारा डॉक्टर कुठे आहे?

२०२५ च्या ऑगस्ट महिन्यात कल्याण-डोंबिवली महापालिकेने स्वातंत्र्यदिनी कत्तलखाने आणि मांसविक्रीची दुकाने बंद ठेवण्याचा आदेश काढला आणि आधी ठाणे जिल्ह्यात, पाठोपाठ सगळ्या राज्यात, कोणी काय खावे आणि कोणत्या दिवशी खावे यावर मोठा वाद झाला. त्या वादात कोणाची बाजू बरोबर होती हा या लेखाचा विषय नाही. मला खटकले ते एवढेच, की दुकान बंद ठेवण्याचा अधिकार महापालिकेला आहे की नाही यावर आठवडाभर बोलले गेले, पण दुकान उघडे असते त्या दिवशी तिथल्या मांसाची तपासणी करण्याचे जे कर्तव्य महापालिकेवर आहे ते पार पडते का, हे फारसे कोणी विचारले नाही. ठाण्यात राबोडी किंवा कळवा असो, नवी मुंबईत ऐरोली, कोपरखैरणे किंवा नेरूळ असो, रविवारी सकाळी मटणाच्या दुकानासमोर रांगेत उभ्या राहणाऱ्या माणसाला, समोर टांगलेला बोकड कापण्यापूर्वी कोणा पशुवैद्यकाने पाहिला होता का, हे कळण्याचा सोपा मार्ग नाही. भिंतीवर परवाना चौकटीत लावलेला असतो. पण तो परवाना दुकानाचा असतो, त्या दिवशी कापलेल्या जनावराचा नव्हे.

माझे म्हणणे असे आहे की महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाला आरोग्यसेवेचाच एक भाग मानले पाहिजे, मांसाची तपासणी हे त्याचे पहिले काम ठरवले पाहिजे, आणि त्या कामासाठी माणसे, जागा आणि पैसा यांची स्वतंत्र तरतूद झाली पाहिजे. आज या विभागाची आठवण लोकांना होते ती कुत्रा चावल्यावर, रस्त्यात मोकाट गाय बसल्यावर किंवा एखाद्या दुकानाविरुद्ध तक्रार करायची असल्यावर.

ही जबाबदारी ऐच्छिक नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी स्वराज्य संस्थांसाठी जी बारावी अनुसूची जोडली, तिच्यातल्या १८ विषयांपैकी शेवटचा विषय कत्तलखान्यांच्या नियमनाचा आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ चा आहे आणि त्यात सार्वजनिक बाजार व कत्तलखाने बांधणे, चालवणे हे महापालिकेच्या बंधनकारक कर्तव्यांत मोडते. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखाली २००१ मध्ये कत्तलखान्यांसाठी वेगळे नियम झाले. महापालिका क्षेत्रात मान्यताप्राप्त किंवा परवानाधारक कत्तलखान्याखेरीज इतरत्र कत्तल करता येणार नाही, जनावराला कत्तलीपूर्वी २४ तास विश्रांती द्यावी आणि पशुवैद्यकाने प्रत्येक जनावर तपासावे, असे ते नियम सांगतात. अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ चा. त्याखालच्या २०११ च्या विनियमांनी कत्तलीपूर्वीची आणि कत्तलीनंतरची अशी दोन्ही तपासणी आवश्यक ठरवली. कायद्यात उणीव आहे असे म्हणायला जागाच नाही.

ही तपासणी म्हणजे नेमके काय, हे ग्राहकाला माहीत असले तर तो ती मागू शकेल, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. जनावर जिवंत असताना पशुवैद्यक त्याला उभे असताना आणि चालताना पाहतो. ते लंगडते का, कळपापासून बाजूला मान टाकून उभे राहते का, नाकातून स्राव येतो का, श्वास जोरात चालतो का, अंगात ताप आहे का, मादी गाभण आहे का, हे पाहून ते कापण्यायोग्य आहे की बाजूला काढायचे हे तो ठरवतो. तापात कापलेल्या जनावराचे रक्त नीट निथळत नाही आणि मांस लवकर खराब होते. एकदा ते सोलून टांगले की हा ताप ग्राहकाला दिसत नाही. दुसरी तपासणी कत्तलीनंतरची. तिच्यात डोके, फुप्फुसे, हृदय, यकृत, मूत्रपिंडे हे अवयव त्या त्या धडाशी जुळवून ठेवले जातात, यकृत आणि फुप्फुस हाताने दाबून पाहिले जाते, लसिका ग्रंथी चिरून आतला रंग पाहिला जातो, कारण क्षयासारख्या आजाराची खूण आधी तिथे उमटते. एखादा अवयव खराब निघाला तर तेवढाच नष्ट करायचा की पूर्ण धड नाकारायचे, हा निर्णय त्यानंतर होतो. साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला माणूस या कामाला लागतो. खाटीक कितीही अनुभवी आणि प्रामाणिक असला तरी हे काम त्याच्यावर सोडता येत नाही, कारण नाकारलेल्या जनावराचा तोटा त्याच्याच खिशातून जाणार असतो.

यातली एक गोष्ट अगदी जवळून पाहण्यासारखी आहे. मटणाच्या दुकानात कलेजी कापताना कधी कधी तिच्यावर पांढुरकी, पाण्याने भरलेली, सुपारीएवढी किंवा त्याहून मोठी फोडी दिसते. खाटीक ती सराईतपणे सुरीने उडवतो, उरलेली कलेजी तराजूत टाकतो आणि तो तुकडा दुकानाबाहेर वाट पाहत बसलेल्या कुत्र्यांकडे भिरकावतो. मी हे ठाण्यात पाहिले आहे आणि हे वाचणाऱ्या अनेकांनी पाहिले असेल. ती फोडी बहुधा हायडॅटिड नावाच्या आजाराची असते. कुत्र्याच्या आतड्यात राहणाऱ्या एकायनोकॉकस या अगदी लहान पट्टकृमीची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून चाऱ्यावर, पाण्यात, मातीत पसरतात. शेळी-मेंढी ती खाते आणि तिच्या यकृतात किंवा फुप्फुसात अशी फोडी वाढते. ती कच्ची फोडी कुत्र्याने खाल्ली की त्याच्या पोटात नवे कृमी तयार होतात. माणूस या चक्रात अपघाताने सापडतो, कुत्र्याला हात लावून न धुतलेल्या हाताने किंवा न धुतलेल्या भाजीवाटे. त्याच्या यकृतात वर्षानुवर्षे वाढणारी गाठ अनेकदा शस्त्रक्रियेनेच काढावी लागते. म्हणजे ती कलेजी शिजवून खाणाऱ्या गिऱ्हाईकाला त्या फोडीपासून फारसा धोका नसतो. धोका असतो तो त्याच गल्लीत कुत्र्यांशी खेळणाऱ्या मुलाला, ज्याच्या घरी कदाचित मांस शिजतही नसेल. मांसतपासणी हा केवळ मांसाहारी लोकांचा प्रश्न आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी एवढ्या एका उदाहरणाचा विचार करावा. न्यूझीलंडने कुत्र्यांना नियमित जंतनाशक देणे आणि कच्चे अवयव त्यांच्या तोंडी लागू न देणे या दोन गोष्टी अनेक दशके चिकाटीने केल्या आणि हा आजार जवळपास हद्दपार केला. दोन्ही कामे पशुवैद्यकाच्या देखरेखीखालची आहेत.

याच ठिकाणी भटक्या कुत्र्यांचा प्रश्न मांसाच्या प्रश्नाला येऊन मिळतो. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर कुत्र्यांना कुठे ठेवावे, कुठे खायला घालावे यावर देशभर चर्चा झाली, आणि निर्बीजीकरण व रेबीजची लस यांवर २०२३ च्या नियमांप्रमाणे महापालिकांनी भर द्यावा हे योग्यच आहे. परंतु ज्या चौकात रोज दुकानातली आतडी, पाय आणि कातडीचे तुकडे उघड्यावर पडतात, तिथे कुत्र्यांचा कळप जमणारच, आणि एका कुत्र्याचे निर्बीजीकरण झाले तरी त्या आयत्या अन्नावर दुसरे येणारच. कुत्रा पकडण्याचे काम एका कंत्राटदाराकडे, कचरा उचलण्याचे दुसऱ्याकडे, दुकानांची पाहणी तिसऱ्याकडे असे तुकडे केले की यातले कोणतेच काम पूर्ण होत नाही. शस्त्रक्रियेसाठी पकडलेल्या प्रत्येक कुत्र्याला त्याच वेळी जंतनाशक देण्यासारखी स्वस्त गोष्टसुद्धा, सगळी सूत्रे एका पशुवैद्यकाच्या हाती असतील तेव्हाच नेमाने होईल.

आता माणसे किती लागतील ते पाहू. २००१ च्या नियमांप्रमाणे एका पशुवैद्यकाने तासाला १२ आणि दिवसाला ९६ पेक्षा जास्त जनावरे तपासायची नाहीत. म्हणजे एका जनावराला पाच मिनिटे. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाखांवर आणि नवी मुंबईची ११ लाखांवर होती, म्हणजे दोन्ही मिळून तेव्हाच जवळजवळ ३० लाख. केवळ अंदाजासाठी धरू, की एखाद्या रविवारी त्यातल्या दहा माणसांमागे एकानेच मटण खाल्ले आणि तेही १०० ग्रॅम. तरीही ३० हजार किलो मटण लागेल. एका बोकडाचे १२ किलो धरले तर अडीच हजार जनावरे होतात आणि त्यांच्यासाठी दिवसभर दुसरे काहीही न करणारे २६ पशुवैद्यक लागतात. यातले काही मटण मुंबई महापालिकेच्या देवनारच्या कत्तलखान्यातून, जो १९७१ पासून चालू आहे, तपासून आणि शिक्का मारून येत असेल. तेवढे वजा करा. उरलेल्याचा निम्मा भाग सोडून दिला तरी हे काम दोन-चार अधिकाऱ्यांनी इतर दहा कामे सांभाळून करण्यासारखे नाही हे उघड आहे. गटारीच्या आदल्या रविवारचा किंवा आगरी-कोळी गावांत लग्नसराईच्या हळदींचा हिशोब मी इथे केलेलाच नाही. त्यासाठी लागणारी विद्या मात्र दूर नाही. परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे, तिथे पशुवैद्यकीय सार्वजनिक आरोग्य हा स्वतंत्र विषय शिकवला जातो, आणि परळहून ठाण्याला लोकलने तासाभराच्या आत पोहोचता येते.

कोंबडीची गोष्ट आणखी अवघड आहे, कारण ती आपल्या डोळ्यांदेखत कापली जाते आणि त्यामुळे ती ताजी, म्हणून सुरक्षित, असे आपण धरून चालतो. २०२२ च्या फेब्रुवारीत शहापूर तालुक्यातल्या वेहळोली गावी सुमारे शंभर कोंबड्या मेल्या, तो एच५एन१ बर्ड फ्लू असल्याचे स्पष्ट झाले आणि एक किलोमीटरच्या परिघातल्या सुमारे २५ हजार पक्ष्यांना मारण्याचा निर्णय घ्यावा लागला. २०२५ च्या सुरुवातीला नवी मुंबईला लागून असलेल्या उरण तालुक्यातल्या चिरनेरमध्ये तोच आजार आढळला. अशा वेळी गावात पशुसंवर्धन विभागाची पथके येतात, नमुने भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेपर्यंत जातात, जिल्हाधिकारी आदेश काढतात. ही यंत्रणा चांगली आहे आणि तिने वेळोवेळी काम केले आहे. परंतु पहाटे टेम्पोतून पिंजरे उतरवणारे शहरातले चिकन सेंटर या यंत्रणेच्या नेहमीच्या नजरेत नसते. एखाद्या पिंजऱ्यात नेहमीपेक्षा जास्त पक्षी मेलेले निघाले तर दुकानदाराने कोणाला फोन करायचा, हे त्याला कोणी सांगितलेले नसते, आणि त्याने सांगितले तर त्याचेच दुकान बंद होईल ही भीती त्याला असते. अन्न परवाना अन्न व औषध प्रशासनाकडे, व्यवसाय परवाना महापालिकेकडे, जनावरांचे आजार पशुसंवर्धन विभागाकडे आणि गोवंशाचा विषय पोलिसांकडे, अशी वाटणी असल्यामुळे प्रत्येकाला दुसरा कोणीतरी पाहत असेल असे वाटते. शहराच्या हद्दीत या चौघांना जोडणारा एक माणूस हवा, आणि तो महापालिकेचा पशुवैद्यकीय अधिकारीच असू शकतो.

याला एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो घेणारे लोक अडाणी नसतात. आपल्याकडे मटण तासभर शिजते, त्यात जंतू कसे राहतील, असे ते म्हणतात. यात तथ्य आहे; बर्ड फ्लूचा विषाणूही ७० अंशांच्या वर नीट शिजवलेल्या मांसात टिकत नाही. पण मांस शिजण्यापूर्वी ते किती हातांतून जाते ते पाहावे. ज्या पाटावर कोंबडी कापली त्याच पाटावर कोशिंबिरीचा कांदा चिरला गेला तर कांदा शिजत नाही. काही जंतूंनी मांसात आधीच सोडलेले विष उकळूनही जात नाही. जनावराला शेवटच्या दिवसांत दिलेल्या प्रतिजैविकाचा अंश शिजवल्याने नाहीसा होईल असा भरवसा धरता येत नाही. म्हणूनच २०१९ मध्ये केंद्र सरकारला खाद्य-प्राण्यांमध्ये कोलिस्टिन या औषधाच्या वापरावर बंदी घालावी लागली, कारण माणसांच्या गंभीर संसर्गात डॉक्टरांजवळ उरलेल्या अखेरच्या औषधांपैकी ते एक आहे. आणि सर्वांत आधी आजारी पडतो तो कापणारा. ब्रुसेलोसिस हा आजार गाभडलेल्या शेळीच्या किंवा म्हशीच्या स्रावातून, हातावरच्या लहानशा जखमेतून माणसात शिरतो. महिनोन् महिने येणारा-जाणारा ताप, सांधेदुखी, घाम ही त्याची लक्षणे मलेरिया किंवा टायफॉइड समजून उपचार केले जातात. दवाखान्यात आलेल्या अशा रुग्णाला तो काय काम करतो, हा एक प्रश्न विचारला तरी निदान लवकर होऊ शकते. खाटीक, त्यांच्याकडची कामगार मुले, कोंबड्या सोलणाऱ्या बायका यांची वर्षातून एकदा रक्ततपासणी हा पशुवैद्यकीय आणि आरोग्य विभागाने मिळून करायचा उपक्रम व्हायला हवा.

दुसरा अडथळा जास्त खरा आहे आणि त्याबद्दल उघडपणे बोलले जात नाही. कत्तलखाना आपल्या प्रभागात कोणालाच नको असतो. मांसाहार न करणाऱ्यांना तो नको असतो, करणाऱ्यांनाही वास, रक्त आणि गर्दी यांमुळे नको असतो, आणि कोणत्याही पक्षाचा नगरसेवक हा विषय हाती घेऊन मते गमावायला तयार नसतो. जागेचा प्रस्ताव येतो, विरोध होतो, तो मागे पडतो. दरम्यान कत्तल थांबत नाही. ती दुकानाच्या मागच्या खोलीत, मोरीपाशी, पहाटेच्या अंधारात होते आणि तिचे रक्त पावसाळी गटारातून ठाण्याच्या खाडीत जाते. जे रहिवासी कत्तलखान्याला विरोध करतात त्यांना खरे तर हेच नको असते, आणि आधुनिक कत्तलखाना, जिथे रक्त वेगळे साठवले जाते, सांडपाण्यावर प्रक्रिया होते आणि जनावराला दुसऱ्याची कत्तल दिसू दिली जात नाही, हाच त्यांच्या तक्रारीवरचा उपाय आहे. बकरी ईदच्या दिवसांत महापालिका ठरावीक जागांना तात्पुरती परवानगी देतात, सफाईची आणि अवशेष उचलण्याची व्यवस्था करतात, अधिकाऱ्यांच्या नेमणुका करतात. तीन दिवस जे जमते ते वर्षभर जमवण्यासाठी लागणारा अनुभव महापालिकेकडे आहे.

हे परवडणार नाही असे म्हणणाऱ्यांनी न्हावाशेवा बंदराकडे पाहावे. तिथून परदेशी जाणाऱ्या गोठवलेल्या म्हशीच्या मांसाच्या प्रत्येक खेपेसोबत सरकारी पशुवैद्यकाचे आरोग्य प्रमाणपत्र जाते. जनावराची तपासणी, धडाची तपासणी, शीतसाखळी, उणे १८ अंशांची साठवण, सगळे काटेकोर असते, कारण घेणारा देश त्याशिवाय कंटेनर उतरवू देत नाही. आपल्याच देशातल्या पशुवैद्यकांनी आपल्याच जनावरांची केलेली ही तपासणी आहे. परदेशातल्या ग्राहकासाठी जी काळजी आपण घेतो ती बंदरापासून काही मैलांवरच्या उलवे, नेरूळ, बेलापूरच्या ग्राहकासाठी घेता येत नाही, हे मला कोणत्याही आर्थिक कारणाने पटत नाही. मोरबे धरण स्वतःच्या मालकीचे ठेवून पाण्याची चिंता मिटवणारी आणि स्वच्छतेच्या देशव्यापी स्पर्धेत वरचे क्रमांक मिळवणारी नवी मुंबई महापालिका हे करू शकत नाही, असे मानणे तिच्या क्षमतेवर अन्याय करणारे आहे.

यात खाटीक समाजाला आणि छोट्या दुकानदारांना चिरडले जाऊ नये, ही माझी तितकीच आग्रहाची मागणी आहे. अन्नसुरक्षेच्या विनियमांनी दिवसाला दहा लहान जनावरांपर्यंतच्या व्यवसायासाठी साधी नोंदणी आणि त्यापुढे परवाना अशी पायरी ठेवली आहे, ती शहाणपणाची आहे. शहराच्या एका टोकाला एकच अवाढव्य कत्तलखाना उभा केला तर मोठे व्यापारी तिथे पोहोचतील आणि मुंब्र्याचा किंवा दिघ्याचा दोन बोकडांचा दुकानदार पुन्हा मागच्या खोलीकडे वळेल. त्याऐवजी दोन-तीन प्रभाग समित्यांमागे एक, अशी लहान, झाकलेली, पाण्याची आणि थंड खोलीची सोय असलेली केंद्रे हवीत, जिथे दुकानदार पहाटे आपले जनावर घेऊन येईल, माफक शुल्क भरील, पशुवैद्यक ते तपासील आणि शिक्का मारलेले धड घेऊन तो सात वाजता दुकान उघडील. नाकारलेल्या जनावराच्या किमतीचा काही भाग सुरुवातीची काही वर्षे महापालिकेने भरून द्यावा. नाहीतर आजारी जनावर तपासणीला आणण्याऐवजी ते लपवण्याकडेच कल राहील. दुकानात त्या दिवसाची तारीख आणि केंद्राचे नाव लिहिलेली पाटी असावी.

ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांच्या अंदाजपत्रकांत मांसतपासणीसाठी वेगळे लेखाशीर्ष असावे आणि पशुवैद्यकांची पदे कंत्राटावर नव्हे तर कायम भरली जावीत, कारण नाही म्हणण्याचे काम ज्याला करायचे आहे त्याची नोकरी दर अकरा महिन्यांनी कोणाच्या मर्जीवर असता कामा नये. किती जनावरे तपासली, किती नाकारली, कोणत्या कारणाने किती कलेज्या आणि फुप्फुसे नष्ट केली आणि ती जनावरे कोणत्या बाजारातून आली होती, हे आकडे दर महिन्याला लोकांसमोर यावेत. तेच आकडे महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे आणि पशुसंवर्धन विभागाकडेही जावेत, म्हणजे शेळ्या-मेंढ्या जिथून आजार घेऊन येत आहेत त्या तालुक्यातल्या मेंढपाळापर्यंत जंतनाशक आणि लस वेळेवर पोहोचवता येईल.